लोखंडाचा मळ

आमच्या कामात सापडतं कमी आणि किस्सेच जास्त साठतात. आमची टीम म्हणजे सर, मी आणि ड्रायव्हर दत्ता. शिरूर-दौंडच्या माळावर, झाडीत लोखंड गाळायच्या जुन्या भट्ट्या शोधायच्या, हे आमचं काम. भट्टी क्वचितच मिळते. मिळतो तो मळ. लोखंड काढून घेतल्यावर मागे उरलेले काळे, जड, भोकाभोकांचे दगड.

*

केंदूरकडे एका भट्टीची पडकी भिंत मिळाली. तिथं एका आबांनी विचारलं, "सोनं घावलं का?"

"नाही आबा. इथं लोखंड गाळायचे. हा त्याचा टाकलेला मळ."

आबांनी दगड हातात तोलला आणि फेकून दिला. "म्हंजी भंगाराचं बी भंगार!"

आम्ही पोट धरून हसलो. सकाळी येऊन बघतो तर भट्टीची भिंत कुणीतरी पहारीनं फोडून, खाली कमरेएवढा खड्डा घेतलेला. गावानं आबांवर विश्वास ठेवला नव्हता!

*

कवठे येमाईजवळ मळाचा मोठा ढीग होता. मापं घेतली, फोटो काढले. दिवाळीनंतर ड्रोन घेऊन गेलो तर ढीगच गायब!

"जीपीएस चुकला काय रे?" सरांनी विचारलं.

"न्हाई सर," दत्ता म्हणाला. "आपन त्याच्यावरनंच आलो आत्ता."

सरपंच भेटले, तेही एकदम खुशीत. "साहेब, तुमचा दगड लई कडक हाय. धा वर्सं रस्ता खचत न्हाई बघा!"

सरांनी त्यांचा चहा घेतला. परत येताना दत्तानं न सांगताच लांबचा रस्ता धरला.

*

केडगावकडच्या एका जागेची परमिशन मिळायला फार वेळ लागला. कागद घेऊन पोचलो तेव्हा तिथं सोलर प्लँटचं कुंपण होतं. वॉचमन बिहारचा, भला माणूस. सरांना खुर्ची दिली, पाणी दिलं.

"अंदर कुछ नहीं है साहब. सब साफ कर दिया."

सर "थँक यू" म्हणाले आणि तिथंच बराच वेळ बसून राहिले.

*

सरांच्या रिटायरमेंटआधीचा शेवटचा सीझन. दौंडच्या बाजूला बाभळीच्या झाडीत एका टेकाडावर अख्खी भट्टी मिळाली! टेकाडावरचे सगळे काळे दगड आम्ही वेचले, पिशव्यांत भरले, लेबलं लावून गाडीत चढवले. जमीन झाडून लख्ख केली. फोटो काढताना सर चक्क शिट्टी वाजवत होते.

तेवढ्यात एक म्हातारी आली. भट्टीकडं तिनं पाहिलंही नाही. टेकाडावर इकडून तिकडं फिरली, मग सरांजवळ आली.

"तुम्ही पुरलेलं हुडकता म्हनं?"

"हो आजी."

"मग माझी लेक तेवढी हुडकून द्या. तान्ही गेली. हितंच पुरलीया. दरसाली येते, जवळ बसते. आज जागाच घावंना."

"खूण काय होती, आजी?"

"खूण कसली! चार काळं दगड मांडलं व्हतं."

सरांनी गाडीकडं पाहिलं.

"दत्ता," ते म्हणाले, "पिशव्या उतरव."