बाटलीतल्या अक्षता

"मी आहो ना," असं म्हणून आमचे विभागप्रमुख शर्टाच्या बाह्या वर सरकवायचे. हे वाक्य ऐकलं की समजायचं, आता काहीतरी सांडणार, फुटणार, नाहीतर नासणार. तुमच्याही कचेरीत असा एक नग असेलच. नसेल तर आमचा घेऊन जा, असं मी तेव्हा आनंदानं म्हटलं असतं.

भंडाऱ्याच्या आमच्या कॉलेजात, प्राणिशास्त्राच्या मागच्या खोलीत मी कोशाच्या अळीच्या पेशी वाढवत होते. ऐनाच्या झाडांवर या अळ्या पोसून रेशीम काढणारी माणसं आमच्या भागात आजही आहेत. एका रोगानं अळ्या पटापट गळून पडतात. त्या रोगाचा विषाणू जिवंत पेशीतच वाढतो, म्हणून अभ्यासाला पेशी हव्यात. अळीच्या अंडाशयाचा बारीक तुकडा बाटलीत, पोषक पाण्यात ठेवायचा आणि वाट पाहायची. पेशी बाहेर येऊन तळाला चिकटल्या, वाढू लागल्या, तर जिंकलं. बुरशीचा एक कण आत गेला की संपलं. म्हणून हातमोजे, तोंडाला फडकं, चपला बाहेर.

सरांना यातलं काही मंजूर नव्हतं. "आमच्या सानगडीले धानाचे पऱ्हे कोणी हातमोजे घालून लावते का?" हा त्यांचा शास्त्रीय मुद्दा. पाहुणे आले की गालात तंबाखूचा खर्रा धरून हे थेट आत. बाटलीचं झाकण उघडून वास घेणार, पाहुण्यांनाही देणार. जणू पाहुण्यांपुढे लोणच्याची बरणीच उघडली. चार दिवसांत बाटलीत पांढरी लव. विचारलं की म्हणायचे, "हवामान, मॅडम." मग ते हवामान मी ब्लीचनं धुवत बसायची.

एकदा मात्र एक बाटली लागली. पेशी चिकटल्या, वाढल्या, सगळ्या दुसऱ्या बाटलीत हलवल्या तर तिथंही वाढल्या. दसऱ्यानंतर अनुदानाची समिती येणार होती. जिवंत पेशी दिसल्या तर काम चालू, नाही तर खोलीला कुलूप. मी पवनीला माहेरी निघाले तेव्हा सरांना हात जोडून सांगितलं, बाटली ठेवलेल्या या पेटीला हात लावू नका. ते म्हणाले, "मी आहो ना." तिथंच मी सुटी रद्द करायला हवी होती.

परत आले तर सूक्ष्मदर्शकाला झेंडूचा हार. पेटीवर कुंकवाची बोटं. खंडेनवमीला सगळे आपापली अवजारं पुजतात, तशी यांनी माझी प्रयोगशाळा पुजली होती. बाटलीच्या झाकणावर कुंकू, आतलं पाणी पेजेसारखं गढूळ आणि तळाशी अक्षतांचे पिवळे दाणे. मी त्यांना जे बोलले ते छापण्यासारखं नाही.

समिती आली. आता हवामान निघणार म्हणून मी दात आवळून बसले होते. सर उभे राहिले. "माया हातानं झालं. बाटली उघडून मी अक्षता टाकल्या. मॅडम गावाले होत्या."

एका सदस्यानं विचारलं, तुम्ही प्राणिशास्त्राचेच ना?

"हो जी. पेशी जगाव्या म्हणून टाकल्या."

सगळे हसले, आणि माझं डोकं सणकलं. या माणसाला मीही वर्षानुवर्षं हसले होते, पण त्यांनी केलेली घाण उपसून हसले होते. हे लोक सकाळी गाडीतून उतरले काय आणि हसतात काय! मी फटकन सांगितलं की ज्यांना हसायचं आहे त्यांनी बाहेर जाऊन हसावं. सरांच्या कबुलीनं काम वाचलं, पण एका अटीवर. सरांनी त्या खोलीत पाय ठेवायचा नाही.

मग ते व्हरांड्यातल्या बाकावर बसू लागले. ऐनाच्या डहाळ्या ओल्या फडक्यात गुंडाळून नव्या अळ्या स्वतः आणायचे, दारातून माझ्या हातात द्यायचे. उन्हाळ्यात निवृत्त होणार होते. त्याआधी, थंडी सरता सरता, पेशी पुन्हा चिकटल्या. मी बाहेर आले आणि म्हटलं, "सर, या, पाहा. मी कोणाला सांगत नाही."

त्यांनी खर्रा थुंकला, चपला काढल्या, नळावर कोपरापर्यंत हात धुतले. मी हातमोजे पुढे केले. ते उंबऱ्याशी थांबले.

"नाही जी, मॅडम. तुमीच पाहा. मले फक्त सांगा."

जन्मात एकदा नियम पाळला, तोही नको त्या दिवशी! मी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला आणि मोठ्यानं सांगू लागले. काही गोल आहेत, काही लांबट, कडेनं दाट झाल्यात. एक मधोमध आवळली आहे.

"दोन होऊन राहिल्या का?"

"होताहेत, सर."

मी मान वळवून पाहिलं. ते दारात डोळे मिटून उभे होते, ओले हात अंगापासून लांब धरून, आणि कोपरांवरून पाणी उंबऱ्याबाहेर ठिबकत होतं.

"अजून सांगा," ते म्हणाले.