सरांच्या धनुष्याची मूठ

सरांनी आपलं धनुष्य विकायला काढलं आणि आधी मला बोलावलं, तेव्हा मी ते नाकारायलाच गेले होते. सात वर्षं त्यांनी मला धनुर्विद्या शिकवली आणि संघातून काढताना सगळ्यांदेखत म्हणाले, "तुझा हात धनुष्याचा नाही."

लाकडी मूठ त्यांनी स्वतःच्या तळहाताच्या मापाने कोरून घेतलेली. अंगठ्याखालचा खळगा घामाने काळा पडला होता. ही माझ्या हाताला बोचते, हे वाक्य मी घरूनच तयार करून आणलं होतं. धनुष्य उचललं, तर मुठीवर हात असा बसला की एक बोटही सरकवावं लागलं नाही.

"घे, तुझ्यासाठीच केल्यासारखं आहे," ते हसले.

"मी नवीन करून घेणार आहे," मी पहिल्यांदाच 'सर' न म्हणता बोलले आणि समोरचा चहा तसाच ठेवून निघाले.

रस्त्यावर आले तरी बोटं त्याच आकारात वळलेली होती. छडीने मनगट ठोकठोकून हा हात त्यांनीच घडवला. एखाद्याचं तोंड बघायचं नाही असं ठरवता येतं. पण त्याने लावलेलं वळण बोटांतून कसं काढायचं? नवीन धनुष्य करणारा कारागीर आधी माझ्या तळहाताचं माप मागेल. मी ते देईन, आणि तो पुन्हा सरांचीच मूठ कोरेल.