बैलाचे दात आणि सात नंबरचा गडी

सोनाळ्यात आमच्या भिंतीला भिंत लागून माझ्या दोस्ताचं घर. तो माझ्यापेक्षा चार महिन्यांनी लहान. तरी प्रत्येक गोष्ट त्यालाच आधी सुचायची, आणि मला का सुचली नाही म्हणून माझा जीव जळायचा. आज इतक्या लांबून लिहितो आहे तरी जळतोच, खोटं कशाला बोलू.

पाचवीत असताना आम्ही कागदावरची कबड्डी काढली. एक वही आणि सारीपाटातल्या सात कवड्या, एवढाच पसारा. गड्यांना नावं नव्हती, नंबर होते. प्रत्येकापुढे त्याचा दम लिहिलेला, दोनपासून सहापर्यंत. चढाईला कवड्या फेकायच्या; उताण्या पडलेल्या कवड्या दमापेक्षा जास्त निघाल्या की गडी बाद. गावातले नावाजलेले खेळाडू नंबर देऊन वहीत घातले. दोन जागा उरल्या, तिथं आम्ही स्वतःला बसवलं. तो तीन नंबर, मी सात.

वर्षभर खेळल्यावर अडचण लक्षात आली. गडी म्हातारे होत नव्हते, त्यामुळे तेच ते जिंकत होते. तोड मी काढली. बैलाचा सौदा असला की लोक माझ्या बापाला बोलावून नेत. बैलाचा ओठ वर करून तो दात पाहायचा आणि वय सांगायचा. दुधाचे दात असलेला तो आदत, मग दोनदाती, चारदाती, सहादाती, आणि आठही दात आले की जुळला. जुळलेला बैल पाच-सहा वर्षं जोरात चालतो, मग हळूहळू उतरतो. तेच मी गड्यांना लावलं. दर पोळ्याला वय एक पायरी वर, दमही एकानं वर. जुळला की सहा पोळे तसाच, आणि मग दर पोळ्याला एक दम कमी.

दोस्त हसला. "माणूस का बैल आहे का बे?"

"मंग तू सांग, कसं ठरवतं?"

"पाह्यतो," म्हणाला. तो असंच म्हणायचा आणि खरंच पाहायचा.

त्या हिवाळ्यात गावच्या मैदानावर सामने झाले. आमचा सगळ्यात भारी चढाईवाला, माझ्या हिशेबानं नुकताच जुळलेला, अजून सहा पोळे त्याला कोणी हात लावणार नव्हतं. मागच्या पावसाळ्यात तो हिवतापानं महिनाभर पडला होता. संग्रामपूरच्या पोरांनी त्याला तीनदा धरलं. तिसऱ्या वेळी तो रेषेपासून हातभर अंतरावर दम सोडून खाली बसला. आणि त्याच सामन्यात आमचा एक म्हातारा, चाळिशीच्या वरचा, पुढचे दोन दात पडलेला, त्यानं कोपऱ्यात उभ्या उभ्या चार गडी पकडले. पळत नव्हताच तो. फक्त समोरच्याचे पाय पाहत होता.

माझा बाप बाजूला उभा होता. दोस्त त्याला म्हणाला, "काका, याचे दात पाह्यले असते तं कसायाच्या दावणीले लावला असता तुमी." बाप पोट धरून हसला. मला त्याचाही राग आला. माझ्या बोलण्यावर तो असा कधी हसला नव्हता.

दुसऱ्या दिवशी दोस्तानं वहीत दोन रकाने केले, एक दमाचा आणि एक पकडीचा. दम लवकर उतरतो, पकड वय झालं तरी वाढत राहते. पोळ्याला प्रत्येकासाठी तीन कवड्या फेकायच्या. तिन्ही पालथ्या पडल्या तर गडी मोडला, मग तो दोनदाती असो की जुळलेला. खेळ सुटलेल्यासाठी शेवटचा रकाना: पुढे काय. कोणी कंडक्टर, कोणी मास्तर. माझ्या हिशेबात गडी म्हातारा झाला की नावापुढे नुसती रेघ. त्याच्या हिशेबात गड्याला खेळानंतरही जगता येत होतं.

"एका फेकीत गडी कसा मोडंल?" मी भांडलो.

"मोडतो," एवढंच म्हणाला.

सातवीत बाप चाऱ्यासाठी झाडावर चढला आणि पडला. खुबा मोडला. बैल माझ्या हाती आले, शाळा सुटली. दोस्त शेगावच्या हायस्कुलात गेला, तिथंच बोर्डिंगात राहिला. सुट्टीत यायचा तेव्हा त्याच्या शर्टाला इस्त्री असायची. वर्षभरानं बाप काठीवर चालायला लागला. तेव्हा गावच्या एका माणसाच्या ओळखीनं मी पुण्याकडे एका लोखंडाच्या वर्कशॉपात लागलो. मिस्त्री भला माणूस. त्यानं घरात झोपायला जागा दिली, त्याच्या बाईनं दोन वेळ ताटात वाढलं. त्या दोघांचे उपकार मी विसरणार नाही. पण 'मला'ऐवजी 'मले' म्हटलं की सगळे हसायचे. रोज सकाळी वाटायचं, आज काहीतरी चुकेल आणि हे मला परत पाठवतील.

निघताना वही आणि कवड्या मी दोस्ताकडे ठेवल्या होत्या. मशीनवर उभा असताना एकच विचार यायचा, की माझ्या सात नंबरवर त्यानं रेघ मारली असेल. शाळा सोडलेल्या, गाव सोडलेल्या गड्याला कोण खेळवत ठेवतं? पत्रात विचारायची हिंमत झाली नाही.

तीन वर्षांनी पोळ्याला सुट्टी मिळाली. शेगावला उतरून एसटीनं आलो. पोळ्याची आदली संध्याकाळ होती, दोस्ताच्या घरी बैलांचे खांदे हळद-तुपानं मळणं चाललं होतं. तो हात पुसत आला.

"तोंड उघड बे, दात पाहू दे. जुळला का नाही?"

मी हसलो, पण डोळे वही शोधत होते. त्यानं ती स्वतःच आणली. आता जाड पुठ्ठ्याची होती. तीन नंबरवर रेघ होती. मागच्याच पोळ्याला तिन्ही कवड्या पालथ्या पडल्या, पुढे काय: मास्तर. त्याच्या खाली सात नंबर. रेघ नाही. दम सहा, पकड पाच, संघाचा कप्तान.

"तू वाचवून राह्यला होता मले?"

"म्या कायले वाचवू? कवड्यांनं ठरवलं. आईची आन."

खोटं बोलत असता तर बरं वाटलं असतं. त्याचा हेवा करायची मला सवय होती. पण त्या संध्याकाळी मला हेवा वाटला तो सात नंबरचा. माझाच नंबर घेऊन तो सोनाळ्यातच राहिला होता. बापाच्या समोर खेळत होता, कोणी त्याच्या बोलण्याला हसत नव्हतं. तीन पोळे त्यानं माझ्याशिवाय काढले होते.

दोस्तानं तीन कवड्या माझ्या हातावर ठेवल्या. "आता तूच आला. या पोळ्याची तूच फेक."

मी मूठ हलवली. मनात एकच मागणं होतं, तिन्ही पालथ्या पडू दे. मोडू दे त्याला, होऊ दे माझ्यासारखा.

दोन पालथ्या पडल्या. तिसरी घरंगळत गेली आणि बैलाच्या खुराला लागून उताणी थांबली.

"वाचला बे!" दोस्त ओरडला. त्याला खरंच आनंद झाला होता. त्यानं वहीत पुढचं वर्ष लिहिलं आणि शाई वाळायला वही माझ्या मांडीवर उघडी ठेवून तो बैलांकडे गेला. मी शाई वाळेपर्यंत तिथंच बसून राहिलो.