निघालेल्या माणसाला हाक

पडावात, म्हणजे किनाऱ्यावरच्या होडीत बसून आगबोटीकडे निघालो, तेव्हा अण्णा धक्क्यावर हात उंच करून उभे होते. त्यांच्या हातात काहीतरी पांढरं होतं. मला वाटलं, रुमाल हलवताहेत. वडिलांना एवढं भरून आलेलं मी कधी पाहिलं नव्हतं, म्हणून मीही डोळे पुसत हात हलवला. डोंबिवलीला मामाच्या खोलीवर ट्रंक उघडली तेव्हा कळलं, तो माझा शाळेचा दाखला होता. पडाव सुटता सुटता अण्णांनी एक हाक मारली असती, तर मी उडी टाकून परत आलो असतो. पण निघालेल्या माणसाला मागून हाक मारायची नाही आणि ‘कुठे निघालास’ असंही विचारायचं नाही, काम बिघडतं, ही आमच्या घरची शिकवण. दाखला दहा दिवसांनी टपालानं आला.

तुम्ही कोकणात, गावी राहिलेले आणि माझ्यासारखे इकडे आलेले, दोघंही याच शिकवणीत वाढलात. म्हणून पुढचं तुम्हांलाच सांगतो. इतरांना हसू येईल.

स्वातंत्र्य मिळून दोन-तीन वर्षं झाली होती. डोंबिवली म्हणजे स्टेशनाजवळच्या चार आळ्या आणि पलीकडे नुसती भातशेती. मामाच्या ओळखीनं मी एका डॉक्टरांकडे कंपाउंडर म्हणून लागलो. ‘महिनाभर बघू, मग ठरवू,’ असं ते म्हणाले होते. आधीचा कंपाउंडर एके दिवशी न सांगता निघून गेलेला, त्यामुळे माझ्याकडेही ते जरा संशयानंच बघत. मी मिक्श्चर ढवळायचो, सुया उकळायचो, आणि ही नोकरी सुटली तर अण्णांना काय तोंड दाखवू, या धास्तीत दिवस काढायचो.

एका दुपारी खाडीकडच्या वस्तीतून एक आगरी म्हातारा टांगा घेऊन आला. “डाक्तर, सुनंला दम लागलाय. लवकर चला,” एवढंच तो बोलला. मी इंजेक्शनची पेटी भरून टेबलावर ठेवली. डॉक्टरांनी स्टेथोस्कोप उचलला, चपला घातल्या आणि ते टांग्यात जाऊन बसले. पेटी टेबलावरच.

टांगा वीस पावलांवर होता. मी तोंड उघडलं आणि मिटलं. रोग्याकडे निघालेल्या डॉक्टरला मागून हाक? त्या बाईचं काही बरंवाईट झालं तर? मी पेटी उचलली आणि कापणी झालेल्या शेतांतून धावत सुटलो. आडवाटेनं पुढे जायचं आणि टांग्याला समोरून गाठायचं, असा माझा हिशेब. आज लिहितानाही मला माझा राग येतो.

टांगा त्या वाटेनं आलाच नाही. नाक्यावर थोडा वेळ थांबून मी तसाच विचारत विचारत वस्तीवर पोचलो. डॉक्टर आले नव्हते. म्हाताऱ्याची सून भिंतीला टेकून बसली होती. ओठ निळे पडलेले, छाती भात्यासारखी हलत होती. सासूनं माझ्या हातातली पेटी बघितली आणि म्हणाली, “दे ना रं बाबा सुई.”

मला सुई उकळता येत होती, देता येत नव्हती. औषध किती द्यायचं तेही माहीत नव्हतं. मांडीवर पेटी घेऊन मी दाराकडे बघत राहिलो. ती बाई माझ्याकडे बघत होती. तशी वेळ माझ्या आयुष्यात पुन्हा कधी आली नाही आणि येऊ नये.

डॉक्टर आले ते घामानं भिजलेले. ते दुसऱ्याच रस्त्यानं निघाले होते आणि अर्ध्या वाटेत पेटी आठवून परत फिरले होते. दवाखाना सताड उघडा, पेटी गायब, कंपाउंडर गायब. हाही पळाला, असं समजून ते नुसत्या गोळ्या घेऊन आले होते. त्यांनी मला बघितलं. पेटी घेतली, सुई दिली. हळूहळू बाईचा श्वास खाली बसला आणि तिनं पाणी मागितलं.

परतताना टांग्यात त्यांनी विचारलं, “दिनकर, हाक का नाही मारलीस?”

मी खरं ते सांगितलं. नोकरी गेली, हे धरूनच सांगितलं.

त्यांनी पेटी आपल्या मांडीवर ओढून घेतली. मग म्हणाले, “अरे, मला शकुन नको होता, पेटी हवी होती.” थोड्या वेळानं पुन्हा म्हणाले, “कुठल्या रस्त्यानं जातोय, हे मीही सांगून जात नाही. आमच्याकडेही विचारलेलं चालत नाही.” दुसऱ्या दिवशी दवाखान्याच्या दाराशी एक पाटी टांगली गेली. बाहेर पडताना कुठे आणि कुठल्या वाटेनं, ते त्यावर लिहायचं. महिना सरला तेव्हा ठरवायचं काही राहिलं नव्हतं.

पाच-सहा वर्षांनी अण्णा पहिल्यांदा माझ्या बिऱ्हाडी आले. आठ दिवस राहून परत निघाले. जिना उतरून ते फाटकापर्यंत पोचले, तेव्हा मला खिडकीत त्यांचा चष्मा दिसला. माझ्या बायकोनं माझा हात धरला. तीही कोकणातलीच.

“अण्णा,” मी हाक मारली.

ते जागच्या जागी थांबले. मला वाटलं, आता रागावतील. ते सावकाश परत आले, चष्मा डोळ्यांवर चढवला आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, “मीही मारायला हवी होती रे, त्या दिवशी.”

घर कुठलं, असं मला अजून लोक विचारतात. मी गावाचं नाव सांगतो. पण आता रोज दवाखान्यात निघालो, की ही वरून ओरडते, “अहो, डबा,” आणि मी माघारी वळतो. तेव्हा मला घर इथलंच वाटतं.