गुबगुबीत अळ्या

नवरा शमशेर गेल्यापासून अख्तरबी इद्दतीत बसली होती. चार महिने दहा दिवस घराबाहेर पाऊल टाकायचं नाही, परक्या पुरुषासमोर यायचं नाही. कवठे महांकाळजवळच्या त्या घरामागे डाळिंबाची बाग, आणि खिडकीपलीकडे शमशेरची मधमाश्यांची पेटी. त्याच्या हातची तेवढी एकच वसाहत उरली होती. रोज गुणगुण ऐकली की तिला तो बागेतच असल्यासारखं वाटायचं.

बागेत औषध फवारलं आणि आवाज फिरला. पेटी कण्हायला लागली. धाकटा दीर यासीन याने झाकण उघडून पाहिलं. राणी नव्हती, अळ्या काळ्या पडलेल्या.

मी शेजारच्या घरची, साताऱ्याला कॉलेजात जीवशास्त्र शिकवते; तेव्हा सुट्टीला घरी आले होते. राणी मेली तर माश्या अंड्यातून नवी राणी घडवू शकतात, कारण राणीचं आणि कामकरी माशीचं अंडं एकच असतं. फरक पडतो तो खाण्यानं. राणी होणाऱ्या अळीला शेवटपर्यंत माश्यांच्या अंगातला दुधासारखा रस मिळतो. इतरांना काही दिवसांनी मध आणि पराग. परागातली फुलांची द्रव्यं पेशीत शिरतात. तिथं गुंडाळून ठेवलेल्या जनुकांपैकी कुठली उघडी राहायची, कुठली मिटायची, यात त्यांचाही हात असतो. अंडाशय खुरटतं आणि राणी व्हायची वाट बंद होते.

अख्तरबीला एवढंच ठाऊक होतं, की पराग खाल्लेली अळी कामाची नाही. ती दाराआडून म्हणाली, "यासीन, माळावर मधाच्या पेट्या घिऊन उतरलेल्या बिराप्पाकडनं पोळ्याचा तुकडा आणा. पर अंडी असलेला. कणीपरीस बारीक असत्यात."

यासीन संध्याकाळी खुशीत आला. "बसवला बघा भाभी! रिकामी घरं कापून टाकली. लय गुबगुबीत अळ्या आणल्यात. मरतुकड्यातनं राणी व्हईल व्हय?"

त्या रिकाम्या दिसणाऱ्या घरांतच अंडी होती; गुबगुबीत अळ्या पराग खाल्लेल्या. मला आजही त्याचा राग येतो.

"आत्ताच्या आत्ता परत जावा," अख्तरबी म्हणाली.

"बिराप्पा पेट्या घिऊन पाटणला गेला की. मी निघालो तवाच टेम्पो भरत हुता."

पुढं ती रात्रंदिवस खिडकीशी बसायची. आवाज दिवसेंदिवस बारीक होत गेला.

इद्दत संपली तशी ती आधी पेटीकडे गेली. राणी नसली की कामकरी माश्या स्वतःच अंडी घालू लागतात, पण त्यांतून नरच निघतात. पेटीत मोठ्या डोळ्यांचे नर फिरत होते. त्यांना भरवायला मूठभर म्हाताऱ्या माश्या उरल्या होत्या.

तिनं झाकण लावलं. मग तिथंच बसून ती शमशेरसाठी पहिल्यांदा मोठ्यानं रडली.