गुरुवारची सावड

दि. ४ जून, सकाळचे सहा. हजर : आई, आण्णा, दादा, वहिनी, शेजारच्या शांताकाकू, जीपवाले शेखचाचा. सामान : तीन नग. जाणार : मी, नेदरलँड्सला, ह्यांच्याकडे.

नऊ वर्षांपूर्वीची ही नोंद वहीत अजून आहे. तेलगावच्या फाट्यावर आण्णा नग मोजत होते, दादा जीपवर दोरी आवळत होता आणि आई एकच वाक्य घोकत होती, "एकटी राबू नको बाई. तिथं बी सावड धर."

ज्यांनी लहानपणीच गाव सोडलं त्यांच्यासाठी सांगते. आज तुम्ही आमच्या रानात कापूस वेचायला यायचं, उद्या आम्ही तुमच्या. मजुरी नाही, दिवसाला दिवस. ती सावड. मी हसले. "आई, तिथं समदं मशिनीनं व्हतं."

"मंग ही तिथं काय करणार?" वहिनी म्हणाली. "याद्या?"

खरंच याद्याच केल्या. ह्यांना नोकरी होती, मला नव्हती. जर्मन सरहद्दीजवळचं आमचं गाव छोटं, नीटनेटकं. फ्रिजवर भाजीची यादी, दारामागे सायकलच्या दुरुस्त्यांची. डच शिकले, पण बोलायचं कोणाशी? बेल वाजली की दारात पार्सल असायचं, माणूस नाही.

मग वाचनालयात एक चिठ्ठी दिसली : बैठकीची टिपणं ठेवायला माणूस हवं. गेले. तिथे तिघंच होते. विम, निवृत्त पोस्टमन, डच. गिझेला, बेकरीवाली, सरहद्दीपलीकडची जर्मन. आणि लार्स, सुतार, डॅनिश. त्यांच्या भाषा एकमेकींच्या बहिणी. ऐकताना ओळखीच्या वाटतात, कागदावर मात्र अनोळखी होतात. या बहिणींसाठी एकच लेखनपद्धत करायची, म्हणजे एकीने लिहिलेलं दुसरी आपल्या उच्चारात वाचेल, असा त्यांचा उद्योग. सांगितलं कोणी नव्हतं. विमने जन्मभर सरहद्दीपलीकडची पत्रं वाटली, तेव्हापासूनची त्याची ही हौस.

मी पहिल्याच गुरुवारी तारीख टाकली, हजेरी घेतली आणि लार्सच्या नावापुढे लिहिलं, "सात मिनिटं उशीर." तो म्हणाला, "झालं! आता खरंच काम करावं लागणार." त्या दिवशी मी या गावात पहिल्यांदा मोठ्याने हसले.

मागच्या हिवाळ्यात गाडी अडली ती 'घर' या शब्दावर. तिघांचा शब्द मुळात एकच, पण लिहायचा कोणाच्या रीतीने? गिझेला म्हणाली, "आमचं घर तुमच्यासारखं लिहायचं, तर मग आमचं राहिलं काय?" विमने पेन्सिल खिशात घातली. "मग बंदच करू."

गुरुवार गेला तर या गावात मला नावाने हाक मारणारं, ह्यांच्याशिवाय, कोणी उरणार नव्हतं. मी वही उघडीच ठेवली आणि नियम लिहिला : पुढच्या वेळी आपल्या भाषेची बाजू कोणी मांडायची नाही. विमने जर्मनच्या रानात राबायचं, गिझेलाने डॅनिशच्या, लार्सने डचच्या. दिवसाला दिवस. आमच्याकडे याला सावड म्हणतात, असंही सांगितलं.

पुढच्या गुरुवारी गिझेला टेबलावर हात आपटून ओरडली, "लार्सचं हे अक्षर काढाल तर मी उठून जाईन!" लार्सला हसून हसून ठसका लागला. विम तर जर्मनसाठी स्वतःच्याच भाषेशी भांडला. संध्याकाळपर्यंत 'घर' ठरलं. पाठोपाठ दार, आई आणि पाणीही.

रविवारी फोनवर दादा म्हणाला, "त्यान्ला त्यांचीच भाषा लिहायला तू शिकवलीस व्हय गं?"

"भाषा न्हाई दादा, सावड."

मागून आईचा आवाज आला, "म्या काय सांगितलं व्हतं!"

गेल्या गुरुवारी विमने माझ्या वहीची जुनी पानं उलटली. "चूक आहे," तो म्हणाला. "आम्ही सगळे एकमेकांच्या रानात जाऊन आलो. तुझ्या रानात कोणीच आलं नाही." दिवाळीनंतर तिघं तेलगावला कापूस वेचायला येताहेत. दादाला कळवलं तर म्हणाला, "येऊ द्या की! पाठी लई दुखतील म्हणावं."

पूर्वी घर म्हटलं की तो फाटा आणि आईचा हलणारा हात आठवायचा. आता जिथे माझा एक दिवस कोणाकडे आणि कोणाचा माझ्याकडे बाकी आहे, तिथे मला घरी असल्यासारखं वाटतं. अशी गावं आता माझी दोन आहेत.

यादी पुरी होत आली आहे. व्हिसाचे कागद झाले, टोप्या झाल्या, लार्सला ठेच्याची सवय लावणं चालू आहे. एकच काम राहिलंय. हे लोक पाहुणे नाहीत, कामाला येताहेत. त्यांना बाजेवर बसवून चहावर चहा पाजायचा नाही, सरळ रानात धाडायचं, हे आईला सांगणं. तीनदा फोन लावला. तिन्ही वेळा ती विचारत होती, त्यान्ला पुरणपोळी चालती का.