तोंडभर खर्रा आणि दोन शब्द

चूक माझीच. खर्रा तोंडात टाकल्यावर पहिली काही मिनिटं माणसाने पाहुण्यासमोर उभं राहू नये, हे नागपुरात शेंबड्या पोरालाही कळतं. मी मात्र बायको अंघोळीला गेल्याची संधी साधून फाटकाशी उभा होतो, आणि तेवढ्यात कोराडीच्या बसमधून उतरून माझा मेहुणा समोर आला.

खर्रा ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. सुपारी, तंबाखू आणि चुना प्लॅस्टिकच्या पन्नीत घालून पानठेलेवाला तळहाताखाली असा रगडतो, जणू त्याचं त्या सुपारीशी जुनं वैर आहे. मग ते गालात धरायचं आणि बोलणं बंद. त्यानंतर नागपूरकर आभाळाकडे तोंड करून फक्त "हूं" म्हणतो.

"भाऊजी," मेहुणा म्हणाला, "आमच्या कॉलनीत व्यसनमुक्तीचा कार्यक्रम ठेवून राह्यलो. पंधरा दिवसांनी. दोन शब्द तुमीच बोला. ताईनं सांगितलं, तुमी खर्रा सोडला म्हणून."

मला म्हणायचं होतं, "वेडा झाला का गा?" पण तोंड भरलेलं. मी जीव तोडून "हूं! हूं!" केलं. माझ्या मते तो नकार होता. मेहुण्याने वाकून नमस्कार केला आणि चहा न पिताच पत्रिका छापायला गेला. माझा फुगलेला गाल त्याला दिसला कसा नाही, असं कोणी विचारील. तर नागपुरात फुगलेला गाल हा चेहऱ्याचाच भाग समजतात. शिवाय त्याचाही फुगलेला होता, फक्त त्याचा खर्रा बोलता येण्याइतका जुना झाला होता.

बायकोने माहेरी असं का सांगितलं, त्याला कारण होतं. तिचं माहेर भिवापूरचं. तिथे जावयाला मिरचीचा ठेचा वाढतात आणि तो खाताना त्याच्याकडे कौतुकाने पाहतात. गेल्या खेपेला मी घास तोंडात घातला आणि गालाच्या आतून आग लागल्यासारखा उठलो. त्यानंतर दोन दिवस जावईबुवा दहीभातावर. सासरच्या अब्रूचं मातेरं झालं. बायको मला धरून दातांच्या डॉक्टरकडे घेऊन गेली. त्याने सांगितलं, "तुमची तीन बोटं उभी करून तोंडात घाला." दोन गेली. तिसरं बाहेरच राहिलं, वऱ्हाडात जागा न मिळालेल्या पाहुण्यासारखं.

"खर्रा चालू ठेवलात तर एक दिवस चमचाही जाणार नाही," डॉक्टर म्हणाला. "आतलं कातडं कडक होत चाललंय. आज थांबलात तर जेवढं उघडतं तेवढं तरी राहील."

मी तिथे हळहळलो आणि परतीच्या वाटेवर ठेल्यापाशी थांबलो. बायकोने मात्र त्याच दिवशी माहेरी निरोप धाडला, की यांनी सोडला. आधी जाहीर करायचं आणि मग माणसाला त्यात ढकलायचं, ही तिची जुनी पद्धत. आमचं लग्नही असंच जमलं.

पत्रिका आली. माझ्या नावापुढे 'अनुभवी मार्गदर्शक' छापलं होतं. अनुभवाबद्दल तक्रार नव्हती. पण आता खर्रा सोडणं भाग होतं.

त्या दिवसांबद्दल काय सांगू! सकाळी खर्ऱ्याशिवाय पोट हलेना. बाहेर शेजारी बादली घेऊन ताटकळत आणि मी आत चिंतन करत बसलेला. डोकं जड. नळाला पाणी आलं नाही म्हणून मी नळाला शिव्या दिल्या, पाणी आल्यावर पाण्याला. ऑफिसात एकच रकाना तीनदा भरला. सगळ्यात वाईट म्हणजे माझा हात. डाव्या तळव्यावर उजवा अंगठा आपोआप रगडायला लागायचा. ओळखीतल्या एकाच्या अंत्यविधीला घाटावर उभा होतो, आणि नकळत रिकामा तळवा रगडत होतो. शेजारच्या तिघांनी मुकाट्याने हात पुढे केले. आमच्याकडे एकाने घोटायचं आणि चौघांनी चिमूट घ्यायची, नाही म्हणणं म्हणजे भाऊबंदकी. मी तिघांच्या हातांवर काहीच ठेवलं नाही. त्यांनी ते काहीच गालात धरलं आणि माना डोलावल्या. एक तर म्हणाला, "चुना बराबर आहे गा."

ठेल्यावरच्या मित्रांना माझी दया आली. मी नुसता उभा राहतो हे त्यांना बघवेना, म्हणून ठेलेवाला माझ्यासाठी पन्नीत बडीशेप आणि खडीसाखर रगडू लागला, त्याच वैराने. ते खाल्लं की मला रडू यायचं. पण तंबाखू तोंडात गेला नाही.

कार्यक्रमाच्या दिवशी बायको नवी साडी नेसून सोबत आली. कोराडीच्या वीजकेंद्राची राख मांडवावर, खुर्च्यांवर, हारांवरही बसली होती. समोर कॉलनीतले पुरुष, सगळ्यांचे गाल फुगलेले, तोंडं आभाळाकडे. मी तळमळून बोललो. "सोडाल ना?" विचारलं. "हूं," सगळा मांडव म्हणाला. त्या हूंचा अर्थ माझ्याइतका कोणाला ठाऊक असणार? मग मला डॉक्टर आठवला. म्हटलं, "आता आपापली तीन बोटं उभी करून तोंडात घाला."

बोटं घालायची तर तोंड रिकामं हवं. मांडव उठला. व्यसनमुक्तीसाठी सकाळीच चुना मारलेली भिंत बाहेर होती. सगळे परत येईपर्यंत तिच्यावर नकाशा तयार झाला होता. मग अख्खी कॉलनी तोंडात बोटं घालून बसली. हसू, ढकलाढकली. "अबे, तुझी चार जातात, मगर आहे का तू?" आणि स्टेजवर माझ्याशेजारी मेहुणा हसता हसता थांबला. त्याचं एकच बोट गेलं होतं. दुसरं तो ढकलत होता. वय ते काय, नोकरीला लागून त्याला फार दिवस झाले नव्हते.

त्याने खिशातून पन्नी काढली. आयोजकाने ती कुठे फेकावी? त्याने ती माझ्या हातात दिली. "भाऊजी, ठेवा तुमच्यापाशी." हे पाहून बाकीचेही उठले. एकेक जण यायचा, पाया पडायचा आणि आपला खर्रा माझ्या ओटीत घालायचा. एका गृहस्थाने "ताजा आहे, आत्ताच घोटला" असंही सांगितलं. शाल, नारळ आणि पिशवीभर खर्रा घेऊन मी बसमध्ये बसलो.

पिशवी मांडीवर. ताजा चुना, ओली सुपारी, तो वास. बसमधले लोक माझ्याकडे नातेवाइकासारखे बघू लागले. कोराडी मागे पडली आणि माझा हात, मी शपथेवर सांगतो, माझा काही संबंध नसताना, पिशवीत गेला. आत बायकोचा हात आधीच होता. तिने माझं मनगट पकडलं. मग शांतपणे पिशवी उचलली आणि खिडकीतून नाल्यात सोडून दिली. मागच्या सीटवरून कोणीतरी कळवळून "अरे अरे" म्हणालं.

ती साडीवरची राख झटकत राहिली. मग बाहेर बघतच म्हणाली, "त्याचं एकच बोट जाते हो. दर रविवारी त्याच्यापाशी जाऊन बसाल? तुमी पुन्हा खाल्ला, तर तोही खाईल."

मला घाटावर मी रगडतोय म्हणून पुढे आलेले तीन हात आठवले. मी आभाळाकडे तोंड केलं आणि म्हणालो, "हूं."

तिने माझी हनुवटी धरून तोंड खाली केलं.

"तोंडात काही नाही ना? मग हो म्हणा," ती म्हणाली. "तुमच्या हूंवर मले भरोसा नाही."